तेवीस नंबरचं घरचं नाव

१

वहीबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते फारसं हललंच नव्हतं. चित्रसंग्रहालयात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना वहीबाईच म्हणत, कारण तळघरात ठेवलेल्या एकूण एक चित्राचा जन्म, आजारपण आणि प्रवास त्यांच्या वहीत होता. कुठल्या चित्राला केव्हा भेग गेली, कुठलं केव्हा परगावी जाऊन आलं, हे विचारायचं तर त्यांना. सकाळी दहाला खाली उतरायचं, दिवे लावायचे, चष्मा पुसायचा, हातमोजे चढवायचे आणि मांडणीवरची चित्रं एकेक करून तपासायची. काम तसं कंटाळवाणंच. पण वहीबाईंना हा कंटाळा मानवला होता.

खरी डोकेदुखी होती ती सदतीस चेहऱ्यांची. एका चित्रकाराने म्हातारपणी एकामागून एक सदतीस चेहरे रंगवले, सगळे एकाच मापाचे, हातभर उंच, आणि एकालाही नाव दिलं नाही. प्रत्येकाच्या पाटीवर तोच मजकूर: शीर्षक नाही. "लोकांनी त्यालाच एवढी नावं ठेवली असतील, की पुढे उत्साह राहिला नसेल," असं चौकटकाका म्हणायचे. चौकटकाका म्हणजे चित्रांच्या चौकटी करणारे म्हातारे सुतार. तळघराच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं आणि टेबलाखाली लाकडाचा भुसा.

नंबर होते, नाही असं नाही. पण मागच्या वर्षी परगावच्या प्रदर्शनाला तेरा नंबर मागवला होता आणि खोक्यात बसून गेला एकतीस. संचालकांनी त्याबद्दल दोन महिने पाणउतारा केला. तेव्हा पैलवानाने युक्ती काढली. पैलवान चित्रं उचलायचं काम करायचा. अंगाने काडी, म्हणून पैलवान. तो म्हणाला, "बाई, आकडे डोक्यात राहत नाहीत, माणसं राहतात. आपण यांना आपली नावं ठेवू."

मग तळघरात बारसंच झालं. गाल सुजलेला होता तो 'दाढदुखी'. भुवया चढवून बघणारी 'विहीणबाई'. दोन्ही डोळे एका बाजूला सरकलेले होते तो 'कॉपीबहाद्दर'. ज्याच्या तोंडावर नाकाशिवाय काही नव्हतं ते 'मामेसासरे'. प्रत्येक चौकटीच्या मागे दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी असायची, तिच्यावर वहीबाई ही नावं लिहायच्या. पेन्सिलीने, कारण तळघरात शाईला बंदी होती. त्यानंतर एकही चूक झाली नाही.

राहिला फक्त तेवीस नंबर. त्याच्याकडे ओझरतं पाहिलं तर चेहरा असायचा आणि नीट बघायला जावं तर नसायचा. कपाळ, गाल, हनुवटी असायला हवी तिथे राखाडी रंग अंगठ्याने पुसत नेलेला, आणि मध्ये दोन जरा काळसर जागा. पैलवानाने 'धुकं' म्हणून पाहिलं, 'ढगोबा' म्हणून पाहिलं. सकाळी ठेवलेलं नाव दुपारी कुणाला आठवत नसे.

एके दिवशी मांडणी बदलायची होती. पैलवान तेवीस नंबर दोन्ही हातांत धरून उभा होता आणि वहीबाई त्याची चिठ्ठी बांधत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून त्या बोलू लागल्या.

"हो गं धाकटे, येताना आणते. नाही विसरणार. हो."

"बाई, लवकर," पैलवान म्हणाला, "हात गेले माझे. काय वाट्टेल ते लिहा."

कानात बहिणीचा आवाज होता आणि हातात पेन्सिल. वहीबाईंनी लिहिलं, 'धाकटी'.

पैलवानाने मान वाकडी करून वाचलं आणि तो हसला. "झकास. एकदम बसलं बघा."

खरंच बसलं. संध्याकाळपर्यंत तळघरात तेवीस नंबर म्हणायचं सगळे विसरले होते.

२

धाकटी वहीबाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि वहीबाई अठरा. तिच्या वेण्या घालणं, प्रगतिपुस्तकावर सही करणं, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं यांनीच केलं. त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि त्याची हळहळ करायलाही सवड झाली नाही. आता धाकटी एकोणतीस वर्षांची होती आणि शिशुवर्गाला शिकवत होती. समोरच्या दोन दातांत फट, डाव्या डोळ्याखाली तीळ, आणि हसताना मान जराशी कलती करायची सवय. लाखात ओळखू येईल असा चेहरा. एकदा भेटलेला माणूस दहा वर्षांनी तिला रस्त्यात हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने फोन तोंडासमोर धरला. चेहरा दाखवला की फोन उघडायचा. तो उघडला नाही.

"ताई, हा मला ओळखतच नाहीये."

"वय झालं तुझं," वहीबाई म्हणाल्या. "परवापर्यंत तरुण होतीस."

धाकटीने काच पुसली, केस मागे बांधले, डोळे मोठे केले, शेवटी कंटाळून आकडे दाबून फोन उघडला. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिने चेहरा नव्याने नोंदवायचं ठरवलं. फोनने सांगितलं तशी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. फोनवर अक्षरं आली: चेहरा दिसत नाही, कृपया समोर या.

"अरे, समोरच आहे की मी!" धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या. वहीबाईंना मात्र हसता हसता कसंसंच झालं. खिडकीतून चांगला लख्ख उजेड येत होता.

आठवड्याने धाकटी शाळेतून आली ती चपला न काढता खुर्चीत बसली. तिच्या वर्गात एक चार वर्षांची मुलगी होती, रोज दारातूनच येऊन तिच्या कमरेला मिठी मारणारी. आज ती दारात थांबली आणि आईच्या मागे लपली. आईने पुढे ढकललं तर किंचाळायला लागली. "बाई कुठे आहेत, आमच्या बाई कुठे आहेत, एवढंच ओरडत होती," धाकटी म्हणाली. "मी म्हटलं, अगं मीच तुझी बाई. माझा आवाज ऐकला आणि आणखीनच घाबरली."

"मुलं करतात असं."

"बाकीचीही रडायला लागली, ताई. सगळा वर्ग."

वहीबाईंनी तिच्यापुढे पाणी ठेवलं. मुलांचं काय, एक रडलं की सगळी रडतात, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंही होतं.

३

तळघरात सगळं ठीक चाललं होतं. जरा जास्तच ठीक.

"धाकटी आज खुशीत दिसते," पैलवान सकाळी सकाळी म्हणाला. वहीबाईंना वाटलं तो बहिणीची चौकशी करतोय. तो तेवीस नंबरवरची धूळ झटकत होता.

वहीबाई जवळ गेल्या. चित्रातल्या त्या दोन काळसर जागा म्हणजे डोळे होते. डाव्या डोळ्याखाली रंगाचा एक बारीक ठिपका होता. खाली, राखाडी रंग जिथे जरा फाकला होता, तिथे ओठ उघडले होते आणि दातांत फट होती. मान कलती होती.

त्या घाबरल्या, पण एकोणीस वर्षं चित्रं तपासलेली बाई घाबरली तरी आधी माप काढते. त्यांनी पट्टी आणली, भिंग आणलं, बाजूने दिवा धरून रंगाचे उंचवटे पाहिले, फोटो काढला. मग सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीचा फोटो काढून शेजारी ठेवला. दोन्ही तंतोतंत सारखे. केसाइतकाही फरक नाही. चित्राला कुणीही हात लावला नव्हता.

सहा महिन्यांपूर्वीच्या फोटोतूनही धाकटीच हसत होती.

मग त्यांनी वही उघडली. सहा महिन्यांपूर्वी, त्यांच्याच अक्षरात: 'चेहरा अस्पष्ट. स्त्री की पुरुष, सांगता येत नाही.'

वहीबाई स्टुलावर बसल्या आणि स्वतःशी भांडू लागल्या. ढगात एकदा हत्ती दिसला की मग हत्तीच दिसत राहतो. आपणच नाव दिलं, आपल्याच डोक्यात बहीण, मग दिसणार कोण? हे पटण्यासारखं होतं. फक्त एक खात्री करून घ्यायला हवी होती. चौकटकाकांनी धाकटीला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना चिठ्ठ्यांशीही देणंघेणं नसायचं. ते सगळ्या चित्रांना 'हे' आणि 'ते' म्हणायचे.

"काका, जरा येता का? यात काय दिसतं सांगा."

चौकटकाका कानामागची पेन्सिल खिशात टाकत आले. बराच वेळ पाहत राहिले.

"पोरगी आहे," ते म्हणाले. "दातांत फट आहे. गोड आहे हो. उद्या रस्त्यात भेटली तर लगेच ओळखीन." मग त्यांनी वहीबाईंकडे पाहिलं. "तुम्ही का रडताय?"

४

त्याच संध्याकाळी वहीबाई नेहमीच्या बसथांब्यावर पोचल्या. दोघी बहिणी तिथे भेटून एकत्र घरी जायच्या. थांब्यावर एकच बाई उभी होती. वहीबाईंनी तिला विचारलं, "आत्ता गेली ती कुठली बस होती हो?"

"ताई, थट्टा करतेस काय?"

आवाज धाकटीचा होता. वहीबाईंनी त्या बाईकडे पुन्हा पाहिलं. डोळे होते, नाक होतं, तीळही होता. सगळं जागच्या जागी होतं, पण ते मिळून कुणी होत नव्हतं. नजर जरा बाजूला गेली की काय पाहिलं तेच विसरायला होत होतं.

"चष्म्याचा नंबर वाढलाय माझा," त्या म्हणाल्या. बसमध्ये एक माणूस तिच्या मांडीवर बसायलाच लागला होता. तिने ओरडून त्याला उठवलं. "माफ करा, जागा रिकामी वाटली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तळघरात गेल्या गेल्या वहीबाईंनी खोडरबर घेऊन चिठ्ठीवरचं नाव पुसलं आणि 'ढगोबा' लिहिलं. तासाभराने पैलवान म्हणाला, "ढगोबा म्हणजे आपली धाकटीच ना?" त्यांनी पुन्हा खोडलं. 'पाहुणी' लिहिलं, 'बत्तीशी' लिहिलं. नंतर चिठ्ठी कोरीच ठेवली. दुपारी वही भरून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं, तर समोर चिठ्ठीवर 'धाकटी' लिहिलेलं होतं, आणि हातातल्या वहीतही सहा ठिकाणी. त्यांना लिहिल्याचं आठवत नव्हतं. अक्षर त्यांचंच होतं.

"दुसरं कुठलं नाव राहतच नाही हो," त्या चौकटकाकांना म्हणाल्या. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

काका लाकडावर रंधा मारत होते. "बाकीची नावं कुणाची नव्हतीच," ते म्हणाले. "विहीणबाई कोण? कुणीच नाही. हे तुम्ही खऱ्या माणसाचं दिलंत, घरचं. आता घरचंच दुसरं दिलंत तर राहील कदाचित."

"कशावरून?"

"मला काय विचारता, बाई? मी चौकटी करतो," असं म्हणून त्यांनी रंधा पुन्हा चालू केला.

आणि त्याच दुपारी संचालक खाली आले, सदतीस चेहऱ्यांमधून हिंडले आणि तेवीस नंबरपुढे थांबले. नव्या प्रदर्शनात हेच मधल्या भिंतीवर लावायचं, असं त्यांनी ठरवलं. "किती जिवंत आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं हे खाली का पडलं होतं?"

घरी गेल्यावर वहीबाईंनी धाकटीला सगळं सांगितलं. सांगताना त्यांना आपण वेड्या झालोय असं वाटत होतं, आणि धाकटीने तसं म्हणावं अशी फार इच्छा होती. धाकटी तसं म्हणाली नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली.

"आरशात मला मी दिसते," ती म्हणाली. "तुला काय दिसतं?"

"तूच दिसतेस."

"खोटं बोलतेस. माझ्याकडे बघून बोलत नाहीस तू कालपासून." तिने गुडघे जवळ ओढून घेतले. "मग आता कुणाचं नाव लिहिणार?"

"कुणाचंच नाही. असं कुणाचं कसं लिहायचं?"

"तुझं?"

वहीबाई गॅस बंद करायला उठल्या. गॅस बंदच होता. त्यांनी बटण पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं हिला. हिच्यासाठी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर पदर खोचून निघाल्या असत्या. पण त्यांना शिशुवर्गातली ती किंचाळणारी मुलगी आठवली, बसमधला माणूस आठवला, आणि तोंडातून 'हो' निघेना. भीती वाटली, साधी, सरळ भीती. आणि त्या भीतीची लाजही वाटली.

"असू दे," मागून धाकटीचा आवाज आला. "सहज विचारलं."

५

धाकटीला ते चित्र पाहायचंच होतं. प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी वहीबाई तिला वरच्या दालनात घेऊन गेल्या. दालन रिकामं होतं, भिंतींना ताज्या रंगाचा वास येत होता. मधल्या भिंतीवर, साखळीने टांगलेलं, किंचित पुढे झुकलेलं तेवीस नंबर होतं. खाली पाटी लागली होती: शीर्षक नाही.

धाकटी चित्रापुढे उभी राहिली. तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

"अगं, ही मीच की," ती म्हणाली. "किती छान दिसायचे मी."

'दिसायचे' ऐकून वहीबाई एक पाऊल पुढे आल्या. त्या काही बोलणार, एवढ्यात पैलवान बोलवायला आला. संचालकांना प्रदर्शनाच्या पुस्तिकेतल्या मापांबद्दल काहीतरी विचारायचं होतं, पाच मिनिटांचं काम. वही बाकावर ठेवून, पेन्सिल तिच्यात तशीच खोचलेली, वहीबाई गेल्या.

परत आल्या तेव्हा धाकटी बाकावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"चल घरी," ती म्हणाली. "पाहून झालं."

बसमध्ये पुढच्या बाकावर एका बाईच्या खांद्यावर तान्हं बाळ होतं. ते मागे बघत होतं. बघता बघता ते धाकटीकडे पाहून हसलं. वहीबाईंनी मान वळवली. दातांतली फट, डोळ्याखालचा तीळ, कपाळावर आलेली बट. त्यांच्या शेजारी त्यांची बहीण बसली होती, नखशिखान्त, लाखात ओळखू येणारी.

"अगं, दिसलीस!" वहीबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की कंडक्टरने वळून पाहिलं. त्यांनी धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालांवरून अंगठे फिरवले आणि बसमध्येच ओक्साबोक्शी रडल्या. "दिसलीस गं बाई. आली परत माझी."

धाकटी रडली नाही. "हो ताई," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी स्वयंपाक धाकटीने केला. वहीबाईंना आग्रह करकरून वाढलं. वहीबाई मनाशी जमाखर्च मांडत होत्या: कामाचा ताण, डोळे थकलेले, त्यात चौकटकाकांचं बडबडणं. मनाचे खेळ, दुसरं काय? कितीतरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या. धाकटी जेवताना सारखी ताटाकडे बघत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही, पण बहीण परत मिळाल्याच्या आनंदात वहीबाईंनी त्याकडे लक्ष दिलं नाही.

६

सकाळी त्या उठल्या तेव्हा धाकटी शाळेला निघून गेली होती. चहाही न घेता.

संग्रहालयाच्या फाटकावर दरवान बसला होता. एकोणीस वर्षं तो रोज सकाळी विचारायचा, "काय वहीबाई, आज कुणाचं ऑपरेशन?" आज त्याने पेपरातून मान वर केली आणि नम्रपणे म्हणाला, "अकराला उघडतं, काकू. तोवर बागेत बसा हवं तर."

"आता तुम्हीही थट्टा करायला लागलात?"

आवाज ऐकून दरवान हसला, लगबगीने उभा राहिला आणि वहीबाईंच्या खांद्यावरून मागे पाहू लागला. मागे कुणी नव्हतं. त्याचं हसू मावळलं. "वहीबाई कुठे आहेत? आत्ता बोलल्या ना?"

त्यांनी पर्समधून ओळखपत्र काढून त्याच्यापुढे धरलं. दरवानाने ते घेतलं, फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं. "हे आमच्या बाईंचं आहे," तो म्हणाला. "कुठे सापडलं? बरं झालं आणून दिलंत. मी देतो त्यांना." आणि त्याने ते खणात ठेवून दिलं.

अकरापर्यंत त्या बागेतल्या बाकावर बसून राहिल्या. फोनच्या काळ्या काचेत त्यांनी स्वतःला पाहिलं. दिसत होत्या, नेहमीसारख्याच दिसत होत्या. पैलवान जवळून गेला. त्या त्याच्याकडे बघून हसल्या. त्याने सवयीने मान हलवली, रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाला बघून हलवावी तशी, आणि पुढे गेला.

दार उघडल्यावर प्रेक्षकांबरोबर त्या आत गेल्या. मधल्या भिंतीपुढे चारपाच माणसं उभी होती. "काय चेहरा आहे," त्यांतली एक बाई म्हणत होती. "आयुष्यभर कुणासाठी तरी खपलेली असणार."

ती माणसं सरकली आणि वहीबाईंनी चित्र पाहिलं. राखाडी रंगात दोन काळसर जागा होत्या, त्याच, तेवढ्याच. त्यांतून त्या स्वतःकडे बघत होत्या. आपण इतक्या दमलेल्या दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं. आणि चित्रातल्या बाईच्या डोळ्यांत काहीतरी होतं, आत्ता या क्षणी त्यांच्या मनात होतं तेच. तीही घाबरलेली होती.

दालनातली पहारेकरीण दुसऱ्या टोकाला शाळेच्या मुलांना रांगेत उभं करत होती. वहीबाईंनी चौकटीमागे बोटं घातली आणि दोरा ओढून चिठ्ठी बाहेर काढली. 'धाकटी' नीट खोडलेलं होतं. त्याच्याखाली गोल, टपोऱ्या अक्षरांत, शिशुवर्गाच्या फळ्यावर काढतात तसल्या अक्षरांत, 'ताई' असं लिहिलं होतं. ते अक्षर वहीबाईंनीच हात धरून गिरवून घेतलं होतं.

त्यांना प्रथम राग आला. एवढा राग आयुष्यात आला नव्हता. दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं आपण मनातून हद्दपार केलं, ते हिने पाच मिनिटांत केलं, आणि वर पोळ्या वाढल्या. पर्समध्ये पेन्सिल होती. दोन रेघा मारायच्या, तीन अक्षरं लिहायची, की संपलं. उद्या दरवान पुन्हा विचारेल, कुणाचं ऑपरेशन. त्यांनी 'ताई'वर रेघ ओढली. पेन्सिल खाली आणली आणि लिहिलं, 'धा'.

"ताई!"

दालनाच्या दारात धाकटी उभी होती. धावत आलेली, केस सुटलेले, डोळे रडून सुजलेले. किती स्पष्ट दिसत होती ती. नाकाचा शेंडा लाल झालेला, लहानपणी व्हायचा तसा. तिची नजर दालनातल्या एकेका बाईवरून फिरत होती. ती वहीबाईंवर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

वहीबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यांनी अंगठ्याने 'धा' पुसला. पुसट झाला, पुरता गेला नाही, म्हणून थुंकी लावून पुन्हा पुसला. त्याच अंगठ्याखाली 'ताई'वरची रेघही गेली. नाव मात्र तसंच राहिलं. त्यांनी चिठ्ठी चौकटीमागे सोडून दिली.

"ओ," त्या म्हणाल्या. "इथे आहे गं मी."

धाकटीने आवाज ओळखला. तिचा चेहरा उजळला, आणि ती सरळ त्यांच्याच दिशेने धावत आली. वहीबाईंनी हात पसरले. धाकटी त्यांच्या हाताला घासून पुढे गेली आणि चित्रापुढे जाऊन उभी राहिली. तिने चित्राच्या गालावर तळवा ठेवला.

"चुकलं गं ताई," ती हुंदके देत म्हणाली. "भीती वाटली मला. परत बदलायला आले होते, पण हात धजत नाही. रागव ना मला. बोल ना काहीतरी."

"अहो बाई, चित्राला हात लावू नका!" पहारेकरीण लांबून ओरडली.

"नाही रागावले," वहीबाई म्हणाल्या. "रडू नकोस. काही खाल्लंस का सकाळपासून?"

"नाही," धाकटी चित्राला म्हणाली.

वहीबाईंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटी दचकून वळली. ओल्या डोळ्यांनी तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि खांदा हळूच सोडवून घेतला.

"काकू, जरा थांबता का?" ती म्हणाली. "मी माझ्या बहिणीशी बोलतेय."

वहीबाई बाजूला झाल्या.